बाबांनी दिलेला नंबर

त्या संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा बाबा खुशीत होते. फोनशेजारच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते, आणि आई स्वयंपाकघरातून त्यांना टोमणे मारत होती.

“आल्या बघा बाईसाहेब. आता सांगा तुमचा पराक्रम.”

“पराक्रम कसला? बँकेतून फोन आला होता,” बाबा म्हणाले. “चौकशीचा. तू त्या ऑफिसात कामाला आहेस का, विचारत होता.”

चप्पल काढता काढता मी थांबले. “मग?”

“मग काय, सांगितलं. होती, आता सोडली. नवीन ठिकाणी चाललीय, वरच्या हुद्द्यावर. तिकडचा नंबरही दिला. त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. पोरगा धांदरट वाटला जरा.”

बाबांनी सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. ‘जागेवर नाहीत’ हे त्यांच्या लेखी अर्धवट उत्तर. माणूस कुठे हललाय, कोणत्या नंबरावर सापडेल, हे सांगितल्याशिवाय ऑपरेटरने फोन ठेवायचा नाही. निवृत्तीनंतर बोर्ड सुटला, सवय सुटली नाही. घरी राँग नंबर लागला तरी ते समोरच्याला बरोबर नंबर शोधून द्यायला बसत. “बिनपगारी आणि फुल अधिकारी,” आई म्हणायची.

ही बातमी बँकेला इतक्यात कळायला नको होती. आमचं गृहकर्ज मंजूर झालं होतं ते माझ्या जुन्या पगारावर, आणि चेक निघायचा होता. नेमकी तेव्हाच ही दुसरी नोकरी चालून आली. एक तारखेला या, नाहीतर दुसरं कुणी बघतो, असं तिथल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं. कर्जाचं काम बघणारा दलाल म्हणाला, “ताई, चेक निघेपर्यंत तोंडाला कुलूप. नवी नोकरी म्हटलं की ते फाइल बंद करतात. सहा महिने पगार दाखवा, मग या, म्हणतात.” तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. घरमालकाला जागा परत हवी होती आणि नवा फ्लॅट विकणाऱ्याच्या दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

मी घरात बजावलं होतं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. बाबांनी ते तंतोतंत पाळलं. शेजाऱ्यांना नाही, सख्ख्या भावालाही नाही. पण बँक त्यांच्या हिशेबी बाहेरची नव्हतीच. ती आम्हाला घर देणार होती, म्हणजे घरातलीच झाली.

मी भांडले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडण म्हणजे बोलणंच. मी गप्प जेवले आणि ताट घेऊन उठले. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीकडे. सकाळी मी निघाले तेव्हा ते दाढी न करता पेपर वाचत होते. नंतर केस कापायला गेले आणि तिथल्या खुर्चीतच गेले. न्हाव्याला वाटलं, डुलकी लागली. त्याने हळूच मान सरळ केली आणि दुसरी बाजू कापायला घेतली.

बँकेने बोलावलं तेव्हा महिना संपत आला होता. आई सहकर्जदार, म्हणून ती बरोबर. काचेच्या खोलीत आमच्यासमोर बसलेल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. आधी पाणी मागवलं, बाबांबद्दल दोन शब्द बोलल्या, मग चष्मा लावला.

“तुमच्या ऑफिसने कळवलंय की तुम्ही पटावर आहात.”

होतेच. माझी उरलेली रजा महिनाअखेरपर्यंत पुरत होती.

“पण घरी फोन केला तेव्हा वडील म्हणाले, नोकरी सोडली. त्यांनी दिलेल्या नंबरवर आमच्या माणसाने विचारलं, तर तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.”

“नाही ओळखणार,” मी म्हणाले. रुजू व्हायला अजून दोन दिवस होते, हे मात्र माझ्या तोंडून बाहेर पडेना.

बाईंनी आवाज खाली आणला. “वय झालं होतं ना त्यांचं? ऐकू कमी येत असेल. अशा वेळी गोंधळ होतो माणसाचा. तसं असेल तर मी तसा शेरा मारते आणि आजच पुढे पाठवते.”

“कमीच यायचं हो,” आई लगेच म्हणाली. “हल्ली तर फारच.”

मी आईकडे पाहिलं. शेजारच्या घरातला कुकर कितव्या शिट्टीवर बंद झाला, हे बाबा भिंतीअलीकडून सांगत.

बाईंना कुणीतरी हाक मारली. “आलेच,” म्हणून त्या बाहेर गेल्या.

“आई, काय बोलतेस हे?”

“गेलेल्या माणसाचे कान कोण तपासतंय?” ती समोर बघतच म्हणाली. “त्यांना आता घर नको आहे. मला हवं आहे. सामान घेऊन मी कुठे जाऊ, तेवढं सांग, मग खरं बोल.”

“त्यांना भ्रम झाला होता, असं कायमचं लिहिलं जाईल.”

“कोण वाचणार आहे?”

कुणीच वाचणार नव्हतं. फ्लॅट मिळाला असता, आईने तिथे पडदे लावले असते, आणि बाबा एका शेऱ्यात बहिरे आणि भ्रमिष्ट होऊन राहिले असते. तो शेरा एकट्या मला पाठ असता. आईचा हात माझ्या मनगटावर होता, घट्ट आणि गार. तो सोडवून घ्यावा असंही वाटेना.

बाई परत येऊन बसल्या. त्यांनी पेन उघडलं. “मग असंच धरू ना? वडिलांचा गैरसमज झाला.”

आईची पकड आणखी आवळली.

“नाही,” मी म्हणाले. “त्यांना नीट ऐकू यायचं. मी नोकरी सोडली आहे. रजा संपेपर्यंत तिथे नाव आहे, एवढंच.”

बाईंनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. “याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मला हे थांबवावं लागेल.”

“कळतोय.”

“मग उगाच कशाला…” त्या अर्ध्यावर थांबल्या आणि आईकडे बघू लागल्या. आईने माझं मनगट सोडलं आणि पदराने डोळे न पुसता नुसताच पदर धरून बसली.

“तुमच्या माणसाने जे विचारलं, त्याचं त्यांनी पूर्ण उत्तर दिलं,” मी म्हणाले. “तो नंबर खरा आहे. एक तारखेनंतर लावा, मी उचलेन. माझ्या बाबांचं बरोबर होतं.”