दोघांत एक रायफल

मी एक रायफल बोलतेय. दचकू नका, मागेही सरकू नका. आजवर कागदाशिवाय कशालाही मी भोक पाडलेलं नाही. हरणं माझ्यासमोरून खुशाल चरत जातात. एकदा तर एक रानटर्की ऐन स्पर्धेत लक्ष्यांच्या पुढ्यात येऊन पिसं फुलवत बसली, आणि ती उठेपर्यंत सगळ्या बंदुका खाली ठेवून आम्ही कॉफी पीत बसलो. म्हणजे माणसं कॉफी पीत बसली, मी आपली ऊन खात पडले होते.

हजार यार्डांवर एक कागद उभा असतो. त्यावर दहा गोळ्या मारायच्या आणि दहाही भोकं एकमेकांच्या जितकी जवळ येतील तितकी आणायची. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण इथून तो कागद मोहरीएवढाही दिसत नाही. शिवाय मधल्या वाटेवर एक ओढा आहे, दोन झाडींच्या फटी आहेत, आणि प्रत्येक फटीतला वारा स्वतःच्या मर्जीचा मालक आहे.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, वर्लिन हाइमबाखच्या गॅरेजमधला. तशी मी जन्मतः एका घरची नव्हेच. नळी एका कारखान्यातून आली, बोल्ट आणि त्याचं पोलादी घर दुसऱ्या कारखान्यातून. माझा दस्ता ज्या अक्रोडाचा आहे, तो वर्लिनच्या सासऱ्यांच्या गोठ्यामागे वादळात पडला होता. त्याची फळी कित्येक वर्षं माळ्यावर वाळत पडली होती. वर्लिनने या सगळ्यांची सोयरीक जमवली. त्याने नळी लेथवर चढवली, काडतूस जिथे बसतं ती जागा कातली. हळूहळू, इतकी हळू की मलाच कंटाळा आला.

वर्लिनने अर्ध्या जिल्ह्याला रायफली घडवून दिल्यात. स्वतः मात्र तो गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या नळ्या आणि उरलेसुरले दस्ते जोडून नेम धरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मीही त्याच्यासाठी नव्हते. मी होते आर्डिथसाठी.

आर्डिथ त्याची बायको. जन्मभर शाळेची बस चालवली तिने, याच वळणावळणाच्या रस्त्यांवरून, बर्फातसुद्धा. दर शनिवारी मैदानावर ती वर्लिनच्या मागे स्टुलावर बसायची, दुर्बिणीतून वारा बघायची आणि घरी जाताना त्याला सांगायची की कुठली गोळी त्याने उगाच घाईने मारली. खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून साध्या बंदुकीचा धक्का तिला सोसवत नव्हता. एका सकाळी अंडी परतता परतता ती म्हणाली, "तुझ्या मागे बसून बसून तुझी पाठ पाठ झाली मला. आता मला पुढे बसायचंय."

वर्लिन तोंडातला घास चावायचा थांबला. मग म्हणाला, "खांदा?"

"खांद्याचं तू बघ. तू कारागीर ना?"

म्हणून मी अशी भारदस्त आहे. वजन जास्त असलं की धक्का कमी बसतो. त्याने शिंप्यासारखी तिची मापं घेतली. खांद्यापासून बोटापर्यंत, गालापासून डोळ्यापर्यंत. आर्डिथ म्हणाली, "लग्नाची अंगठी आणलीस ती अंदाजाने. बोटात जाईना. आणि बंदुकीसाठी मात्र तिसऱ्यांदा मोजतोयस."

"अंगठीने नेम धरायचा नव्हता," वर्लिन म्हणाला.

आता माझ्या बालपणातली फजिती सांगते. पोलादी भाग दस्त्यात जराही हलता कामा नये, म्हणून खाली राळेसारखा एक घट्ट लेप भरतात आणि त्यात पोलाद बसवून रात्रभर सुकू देतात. त्याआधी पोलादाला मेण चोपडायचं असतं, नाहीतर लेप सुकल्यावर सगळं कायमचं एकजीव होतं. त्या दिवशी वर्लिनच्या हातात मेणाचा डबा होता आणि तेवढ्यात त्याचा मित्र मर्ल दारात आला. मर्ल आला की गप्पा येतात. गप्पा संपल्या, मर्ल गेला, वर्लिनने लेप भरला, मला बसवलं आणि दिवा मालवून झोपायला गेला. मेणाचा डबा तसाच राहिला.

सकाळी मी सुटेना. वर्लिनने ओढलं, ठोकलं, विनवलं. मी तरी काय करणार? शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून आर्डिथला वाटलं, कोणीतरी गेलंच.

सगळं ऐकल्यावर तिने निमूटपणे मोठ्या फ्रीजरचं झाकण उघडलं. त्यातलं हरणाचं मांस, मक्याची पाकिटं, नाताळसाठी राखलेले गोड अ‍ॅपल पाय असं सगळं बाहेर काढलं आणि मला आत आडवं केलं. गारठ्याने पोलाद आकसतं. दुसऱ्या दिवशी वर्लिनने रबरी हातोडीने हलकेच ठोकलं आणि 'टक्' करून मी सुटले. एवढा आनंद मला पुढे कुठल्याही जिंकण्याने झाला नाही.

पण बाहेर काढलेलं मांस आता कोण खाणार? सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवावं लागलं. मर्लही आला. दुसऱ्यांदा वाढून घेताना तो सहज म्हणाला, "वर्लिन, किती वेळाने सुटली रे?"

वर्लिनचा काटा हवेतच राहिला. "कोण?"

"मला विचारतोस कोण? माझी तर दोन दिवस सुटली नव्हती. माझ्या बायकोने तेव्हा पंधरा पाहुणे जेवू घातले."

टेबलाभोवती जे हसू पसरलं ते बराच वेळ ओसरलं नाही. वर्लिन लाल झाला, पण हसला.

त्यानंतर मात्र घरात एक वेगळीच गोष्ट शिजू लागली. माझी परीक्षा घ्यायला वर्लिनने मला मैदानावर नेलं, आणि मी, आता स्वतःच्या तोंडाने काय सांगू, हजार यार्डांवर अशी भोकं पाडली की सगळी एका डोनटखाली झाकली गेली असती. वर्लिनने कागद खाली आणला, बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. घरी आर्डिथने विचारलं, तर म्हणाला, "ठीक आहे. नळी अजून रुळायची आहे."

पुढच्या शनिवारी म्हणाला, चाप जरा जड वाटतो, बघायला हवा. त्याच्या पुढच्या शनिवारी काडतुसातल्या दारूचं माप जमत नव्हतं. खोटं होतं सगळं. नळी पहिल्या दिवसापासून रुळलेली होती, चाप लोण्यासारखा होता. मला कळत होतं आणि आर्डिथलाही कळत होतं. फक्त ती वर्लिनच्या ताटात बटाटे जरा आपटून वाढत होती.

त्याला दोष तरी कसा देऊ? मैदानावरच्या नेमबाजी क्लबच्या खोलीत एक भिंत आहे. वर्षअखेरच्या स्पर्धेत जो जिंकतो त्याचा भोकं पडलेला कागद चौकटीत घालून तिथे लावतात. मर्लचे दोन कागद आहेत तिथे. वर्लिनचा एकही नाही. इतकी वर्षं तो त्या भिंतीकडे पाठ करूनच कॉफी पितो. आणि आता कुठे त्याच्या हाताला अशी रायफल लागली होती की जिच्या जोरावर ती भिंत गाठता आली असती, तर नेमकी ती बायकोची.

शेवटी एका रविवारी चर्चहून आल्यावर आर्डिथने हॅट काढली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "वर्लिन, ती माझी आहे की तुझी, ते एकदा सांगून टाक. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण जेवायला वाढेन."

वर्लिन उठला, गॅरेजमध्ये आला आणि मला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "तुझी," तो म्हणाला. "मधूनमधून देशील?"

"विचारून नेशील तर."

तेव्हापासून माझा असा सामायिक संसार सुरू झाला. क्लबात एकाच रायफलीने दोघांनी वेगवेगळ्या फेऱ्यांत नेम धरायला हरकत नसते. दोघांत फरक मात्र जमीनअस्मानाचा. वर्लिन वाऱ्याशी भांडतो. वारा फिरला की तोही नेम फिरवतो, पुन्हा फिरला की पुन्हा. आर्डिथ वाट बघते. पोरं घराबाहेर येईपर्यंत बस जशी थांबवून ठेवायची, तशी ती बोट चापावर ठेवून थांबते. वारा दाखवणारे मैदानावरचे झेंडे पुन्हा पहिल्यासारखे झाले की मगच गोळी सोडते. मला तिचा हात जास्त आवडतो. हे वर्लिनला सांगू नका.

वर्षअखेरची स्पर्धा आली. सकाळी दरी धुक्याने भरलेली, लक्ष्यंच दिसेनात. सगळे ट्रकांच्या मागच्या फळ्या पाडून स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या, आणि अंडी खात बसले. धुकं उठलं तशा फेऱ्या सुरू झाल्या. वर्लिन पहिल्या फेरीत बसला आणि त्या फेरीत पहिला आला. मला पुसून, थंड करून त्याने आर्डिथच्या हवाली केलं. ती तिसऱ्या फेरीत बसली आणि तीही पहिली आली.

क्लबची सचिव डोरीन शेवटच्या फेरीची नावं वाचू लागली. आर्डिथचं नाव आल्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मग हळूहळू टाळ्या थांबल्या. एकेकाच्या लक्षात येत गेलं. शेवटच्या फेरीत सगळे विजेते एकाच वेळी बसतात. ज्या बंदुकीने इथवर आलात तीच चालवायची, असा क्लबचा जुना नियम. माणसं दोन होती आणि मी एकटी.

"माझ्या तर फायद्याचंच आहे," मर्ल म्हणाला, पण हसलं कोणी नाही. त्यालाही हसू आलं नाही.

वर्लिन आणि आर्डिथ ट्रकच्या मागच्या फळीवर बसले. मधे मी. दोघांच्या हातात अ‍ॅपल पायचा एकेक तुकडा, पण खात कोणीच नव्हतं.

"तू बस," वर्लिन म्हणाला.

"दान नको मला. तू किती वर्षं वाट पाहतोयस ते मागे बसून मीच बघितलंय. तुला हवी आहे की नाही, सरळ सांग."

वर्लिनने हातातला तुकडा फळीवर ठेवला.

"हवी आहे," तो म्हणाला. "जीव जातोय माझा. इतके शनिवार तुझ्यापासून लपवलं, कारण हवी होती. पण मघाशी तुझी फेरी बघितली मी, आर्डिथ. तू माझ्यापेक्षा चांगली मारतेस. हे म्हणायला मला फार जड जातंय, तेव्हा पुन्हा म्हणायला लावू नकोस."

एवढं बोलून तो उठला आणि लक्ष्यांजवळच्या खंदकात कागद उतरवायला जाणाऱ्या गाडीत जाऊन बसला. जाताना त्याचं तोंड इतकं वाकडं झालं होतं की डोरीनला वाटलं, दाढ दुखतेय.

आर्डिथ बसली. तिचा गाल माझ्या अक्रोडाला टेकला तेव्हा तो ओला होता. पण हात स्थिर होता. इशारा झाला आणि आजूबाजूच्या बंदुका धडाधड सुरू झाल्या. तिने पाच गोळ्या सोडल्या आणि वारा पालटला. बाकीच्यांनी नेम बदलून मारणं चालू ठेवलं, मर्लनेसुद्धा. आर्डिथ थांबली. वेळ संपत आला तरी थांबली. मला भीती वाटली, खरंच सांगते. मग ओढ्यावरचा झेंडा खाली आला, आणि तिने उरलेल्या गोळ्या एकीमागून एक अशा सोडल्या की माझी नळी तापून हवा थरथरू लागली.

खंदकातून कागद घेऊन गाडी परत आली. आर्डिथचा कागद वर्लिनने कोणाला धरू दिला नव्हता. छातीशी उभा धरून तो उतरला. डोरीनने मोजलं, मर्लचा मोजला, पुन्हा तिचा मोजला. मर्ल वाकून बघत होता. तोच आधी म्हणाला, "गेलो मी. केसाने गेलो."

चौकटीखालच्या पट्टीवर नेमबाजाचं नाव लिहितात आणि त्याखाली रायफल घडवणाऱ्याचं. डोरीनने रिवाजाप्रमाणे विचारलं, "घडवली कोणी?"

"आहे घरी एक म्हातारा," आर्डिथ म्हणाली. "वर्लिन हाइमबाख लिही. नीट मोठं लिही."

त्या दिवशी वर्लिनने पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून कॉफी घेतली. मर्लने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लागलं की रे नाव."

"मला वरच्या ओळीत हवं होतं," वर्लिन म्हणाला. खोटं बोलणं त्याला त्या दिवसापुरतं तरी बंद करायचं असावं.

परतताना बक्षिसात मिळालेलं डुकराचं धुरावलेलं हॅम आर्डिथच्या मांडीवर होतं आणि मी मागे. ओढ्याचा पूल आला. मग आर्डिथ म्हणाली, "स्वतःसाठी एक घडव."

"या वयात?"

"या वयात जेवतोस ना तीनदा? घडव. माळ्यावर बाबांच्या झाडाची अर्धी फळी अजून आहे. मी तुला हरवणार आहे, वर्लिन, पण शेजारी बसवून हरवणार आहे."

त्यावर वर्लिनने ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवला. आर्डिथने त्याला रुमाल दिला आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

सध्या मी गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे. माझी नळी निम्मी झिजली. आमच्या जातीत नळीचं आयुष्य थोडंच, पुढच्या वर्षी बदलावी लागेल. खाली लेथवर माझी धाकटी बहीण कातली जातेय, तिच्या लोखंडाचा कीस माझ्यावर उडतो. मेणाचा डबा यंदा आर्डिथ स्वतः हातात घेऊन उभी राहणार आहे म्हणे.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही घरात कोणी वर्षानुवर्षं कोणाच्या तरी मागे बसून वारा मोजत असेल. एकदा उठा आणि त्या माणसाला पुढची जागा द्या. देताना तोंड वाकडं झालं तरी चालेल. वर्लिनचंही झालं होतं.