दर शनिवारचा निरोप

मित्रांनो, मी कुस्तीचा एक जुना बूट आहे. डावा. उजवा माझ्यापेक्षा कमी झिजलाय, कारण आमचा फरामर्ज सगळा जोर डाव्या पायावर घ्यायचा.

इराणमध्ये, केरमानशाहच्या एका मोच्याने आम्हांला शिवलं. गादीभोवती लोक फरामर्जच्या नावाने ओरडत, तेव्हा मला धन्य वाटायचं. आमच्याकडे एक रीत आहे. पैलवान शेवटची कुस्ती खेळला की बूट काढून गादीच्या मधोमध ठेवतो आणि अनवाणी बाहेर पडतो. आयुष्यात एकदाच. मी त्याच दिवसाची वाट पाहत होतो.

तो दिवस आलाच नाही. फरामर्ज स्वीडनला आला आणि त्याचा गुडघा कामातून गेला. मग गोथेनबर्गमधल्या एका लग्नात तो सहज गायला. त्याचं निरोपाचं गाणं असं गाजलं, की तिथल्या आपल्या इराणी लोकांचं एकही लग्न त्याच्याशिवाय होईना. त्याचे कार्यक्रम ठरवणाऱ्या कीवानला युक्ती सुचली. "गाणं संपताना बूट काढून स्टेजवर ठेव. लोक ढसाढसा रडतात की नाही बघ!"

रडले ना! तेव्हापासून दर शनिवारी मी निवृत्त होतो. वर तो स्टेजवरचा धूर! मग मला पुन्हा पिशवीत कोंबतात. नुसता संताप होतो माझा.

एकदा फरामर्जचे जुने वस्ताद यदुल्ला कार्यक्रमाला आले. तेही आता गोथेनबर्गलाच तालीम चालवतात. ते म्हणाले, "काय रे, पैलवान आहेस की फेरीवाला? सारखे बूट मांडून बसतोस ते!"

फरामर्जने मान खाली घातली. "वस्ताद, मला एकदा खरंच ठेवायचेत."

"मग रविवारी माझ्या तालमीत ये. गादी आहे तिथे."

रविवारी तालमीतली पोरं आणि त्यांचे आईबाप भिंतीशी उभे होते. फरामर्जने नाड्या सोडल्या. आम्हांला मधोमध ठेवलं, वाकून गादीचं चुंबन घेतलं आणि तो अनवाणी निघाला. मला भरून आलं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "फरामर्जजान, ते गाणं होऊन जाऊ दे!" लगेच टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मोबाइल वर आले.

"गप्प बसा रे!" वस्ताद ओरडले. ऐकतंय कोण?

फर्माईशीला नाही म्हणणं फरामर्जला कधी जमलंच नाही. तो परत आला, खाली बसला, मला पायात घातलं आणि गायला लागला.

मित्रांनो, जुन्या बुटाला पॉलिश केलं नाहीत तरी चालेल. पण कोणी खरोखर निरोप घेत असेल, तर टाळ्या वाजवू नका. त्याला जाऊ द्या.

मी पिशवीतच आहे. उद्या शनिवार.