भोवत्याच्या पोटातली गोळी

मी गोळी बोलतेय. औषधाची नाही, बंदुकीचीही नाही. भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्याने पहाटे ओकून टाकलेली, अंगठ्याच्या पेराएवढी गोळी. नाक मुरडू नका! केस, पिसं, किड्यांचे पाय, असं जे जे पक्ष्याला पचत नाही ते त्याच्या पोटात घट्ट वळलं जातं आणि माझा जन्म होतो.

१९३३ सालची थंडी होती. दूर उत्तरेकडून आलेल्या भोवत्यांचा थवा खानदेशातल्या ब्राह्मणपुरी गावाच्या कुरणात, गवत दाबून, जमिनीवरच झोपायचा. पुण्याला कॉलेजात शिकणारी मंगला सुट्टीत त्यांची शिरगणती करत होती. संध्याकाळी ते इतक्या घिरट्या घालत की एकच पक्षी चारदा मोजला जाई. मग तिने युक्ती काढली. सकाळी ताज्या गोळ्या मोजायच्या. एक गोळी, एक पक्षी.

त्या सकाळी तिने मला उचललं, तेवढ्यात तिचे काका, भिला पाटील, आगपेटी घेऊन आले.

"बाजू व्हय, मंगले. कुरन जाळी टाकसू. ह्या पाखरेसनी तुन्ही काकीना कोंबडीना पाच पिलं खादात."

"कोनी देखं?"

"आख्खं गाव सांगस."

"गाव तं हाई भी सांगस, मी कालिजमा जाईसन बिघडी गई!"

"ते तं खरंच शे."

मंगलाने रागारागाने मला दगडावर ठेवलं आणि काडीने फोडलं. माझ्या आत काय आहे ते मला ठाऊक होतं. माणसांना त्यात काय दिसेल, ते मात्र नव्हतं.

टोळांचे करवतीसारखे पाय निघाले. उंदराचे केस निघाले. आणि एक तपकिरी पीस.

"हाई देख! कोंबडीनं पीस!" काकांनी आगकाडी पेटीवर टेकवली.

मंगलाचं तोंड उतरलं. पिसं ओळखायला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

गवताचा भारा बांधायला आलेली काकी, दगूबाई, पुढे झाली. तिने पीस चिमटीत धरून उन्हात बघितलं.

"मन्हा पिलं पिवळा व्हतात. हाई ते चंडोळनं शे. पिलं मुंगूस लई गया. खुराडाना मांगे बीळ शे, कवयनं सांगी ऱ्हायनी. पन आयकस कोन?"

मंगला ओशाळली. काकीला विचारायचं तिलाही सुचलं नव्हतं.

काकांनी काडी पेटीत परत ठेवली. हरलो म्हणतील तर ते काका कसले! "एक हिवाळा ऱ्हावू दे कुरन," ते गुरगुरले. मग मंगलाच्या मोजणीच्या वहीत डोकावून म्हणाले, "अडतीस? हाई फुटेल गोळी धरीसन का?"

"धरीसन!"

आता मी दगडावर विखुरलेय. पीस वाऱ्याने नेलं, टोळांचे पाय मुंग्या ओढताहेत. तुमच्या गावच्या गवतात असे पाहुणे उतरले, तर आगीची काडी ओढण्याआधी साध्या काडीने एक गोळी फोडून बघा. आणि पिसाचं कळलं नाही, तर घरातल्या बाईला विचारा.