निळी बटणं

सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन पाळायचं, हा मनोरमाबाईंचा नेम. लिहून सांगणं हेही बोलणंच, असं त्या मानत. नेमक्या त्याच दिवशी त्यांची नात केतकी त्यांना बिट्टन मार्केटातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आली. गेमिंग कीबोर्डवरची सूट तेवढ्याच दिवसापुरती होती.

दुकानदाराने दोन मांडले. निळ्या बटणांचा तिच्या दोन हजारांत बसत होता, पण टाइपरायटरसारखा खडखडत होता. लाल बटणांचा जवळजवळ मुका, पण सातशेंनी महाग.

मनोरमाबाईंना घर आठवलं. कंपनीच्या क्वार्टरला दोनच खोल्या. केतकीचे बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, आणि डॉक्टरांनी ती झोप मोडू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी निळ्याकडे बोट करून ओठांवर बोट ठेवलं.

"हो गं, मौन आहे तुझं. मी कुठे बोल म्हणतेय?"

त्यांनी तळवे गालाखाली धरून झोपेची खूण केली.

"दमलीस ना? बस, पाच मिनट."

"आंटीजी, स्टूल पे बैठ जाइए," दुकानदार म्हणाला.

शब्द ओठांपर्यंत आला होता. अकरा वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. देवाची क्षमा कशी मागावी, या विचारात असतानाच बिल फाटलं. "बिका हुआ माल वापस नहीं होगा, बेटा."

केतकीने खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घरी गेल्या गेल्या पहिलं बटण तूच दाबायचं हं!"

घरी बाबा झोपले होते, आणि सूर्यास्ताला अजून चार तास होते.