कोंबड्यांना घातलेलं शेवाळ

सख्ख्या भाच्याने भर सभेत आपल्याला अडाणी ठरवलं, हे तुळशीआत्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. डहाणूच्या विज्ञान प्रदर्शनात कॉलेजात शिकणारा तुषार पडद्यासमोर उभा राहून म्हणाला होता, “नरपडच्या अडाणी बायका हे लाल शेवाळ कोंबड्यांना घालतात. त्याचं मोल मी शोधलं.” आत्या मागच्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. ओहोटीला कुठल्या खडकावर जायचं, कुठलं शेवाळ काढायचं, हे सगळं तिनेच त्याला दाखवलेलं. तिचं नावही त्याने घेतलं नाही.

त्यानंतर तुषारने स्वतः काढलेलं शेवाळ आपल्या घराच्या गच्चीवर कडक उन्हात पसरलं. चिकूच्या वाडीवर जाता-येता आत्या ते बघायची. हे सावलीत वाळवायचं असतं, उन्हात त्यातला कस जातो, हे तिच्या सासूने तिला शिकवलेलं. ती एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन पोटभर जेवायची.

वैशाखात तो आला, तोंड उतरवून.

“आत्या, या शेवाळात तेल थोडंच असतं, पण बांगडा माशात असतं ना, तसलं. काळजाला चांगलं. पहिल्या तपासणीत चांगलं निघालं. आता निम्मंही नाही. सर म्हणतात, मी आकडे बनवले.”

“पहिलं शेवाळ कुठलं होतं रे?”

“तुझ्या पडवीत वाळलेलं.”

“हं.”

“खडकांवर आता थंडीपर्यंत काही मिळायचं नाही. तुझ्याकडे असेल तेवढं दे. सोमवारी दाखवलं नाही तर माझी पदवी गेली.”

आत्याने माळ्यावरचा डबा काढला. झाकण उघडताच समुद्राचा वास आला. शेवाळ अजून गडद लाल होतं. तुषारने दोन्ही हात पुढे केले.

ती त्याच्या बाजूने अंगणात गेली, कोंबड्यांना साद घातली आणि डबा पालथा केला. तो धावेपर्यंत सात चोची कामाला लागल्या होत्या.

“सभेत बोललास तेव्हा ते खोटं होतं,” आत्या म्हणाली. “आम्ही हे बाळंतिणीला घालतो. तुझ्या आईला दूध नव्हतं, तेव्हा महिनाभर मी शिजवून घातलं, म्हणून तू जगलास. आज तुझं बोलणं मी खरं केलं. जा, सरांना सांग, अडाणी आत्याने कोंबड्यांना घातलं.”