सीलबंद पाकिटातले तीस दिवस

मी रुपरावांचा मोबाइल बोलतोय. बोलायला हवं होतं तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप होतं, म्हणून आज तुमच्यापुढे मन मोकळं करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते धड आठवत नाही. आठवतं ते नागपुरातल्या सदरचं दुकान. रुपरावांची मुलगी रोशनी तिथे मोबाइल दुरुस्त करते. वडील निवृत्त झाले त्या दिवशी तिने मला त्यांच्या हातात ठेवलं.

रुपराव एकतीस वर्षं कोर्टात शिपाई होते. पाकिटांना लाख लावायची, शिक्का मारायचा, कपाटात ठेवायचं, हेच त्यांचं काम. मलासुद्धा त्यांनी आठ दिवस फडक्यात गुंडाळून कपाटातच ठेवलं होतं! रोशनी रागावली तेव्हा कुठे मी खिशात आलो. जुन्या साहेबांचा फोन आला की रुपराव खुर्चीतून उठून उभे राहत. मला हसू यायचं, पण माणूस लाखात एक.

त्यांचा धाकटा मुलगा केशव. रेल्वेत त्याचं नाव लागलं होतं, फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी होती. नेमकी तेव्हाच गाडी लावण्यावरून एका हवालदाराशी त्याची बाचाबाची झाली आणि त्याला ठाण्यात नेलं. रुपराव धापा टाकत पोचले. हवालदार केशवच्या कानाखाली वाजवत होता. एकदा, मग पुन्हा. केशव हात मागे बांधून उभा होता. रुपरावांनी मला वर धरलं. मी सगळं टिपलं.

ठाण्यात शूटिंग करायची बंदी आहे, पुसून टाका, असं तिथले साहेब म्हणाले. साहेब म्हणाले म्हणजे संपलंच. रुपरावांनी निमूटपणे पुसलं. तरीही मला जप्त केलं, बंद केलं, पाकिटात घालून वर लाखेचं सील ठोकलं. आणि गुन्हा कोणावर? तर केशववर! म्हणे त्याने हवालदाराची कॉलर धरली, सरकारी कामात अडथळा आणला. आता काय म्हणावं या माणसांना!

पुढचं मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. वकील मोनालीताईंनी केशवला जामीन मिळवून दिला. ठाण्यात चित्रण करणं सरकारी गोपनीयतेच्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं नागपुरातल्याच हायकोर्टाने सांगितलंय, असा धीरही दिला. रोशनीला मात्र वेगळीच काळजी लागली होती.

"बाबा, पुसलेला व्हिडिओ तीस दिवस फोनच्या कचरापेटीत राहते. मंग आपोआप जाते. वकीलबाईले सांगा, फोन लवकर मागून घ्या म्हणा."

"सील लागलं का वस्तू आहे तशी राहते वं. जिंदगीभर मी तेच काम केलं. तारीख थांबते तिथं."

"फोनची नाही थांबत, बाबा."

कोर्टाला घाई केलेली चालत नाही, असं म्हणून रुपरावांनी विषय मिटवला. मोनालीताईंना त्यांनी एवढंच सांगितलं की पुरावा सीलबंद आहे, बिनघोर राहा. एकतीस वर्षांपुढे रोशनीचं काय चालणार? तिने स्वतः मोनालीताईंना सांगितलं नाही आणि त्याबद्दल आजही स्वतःला बोल लावते.

मी ठाण्याच्या मालखान्यात, जप्त वस्तूंच्या खोलीत पडून होतो. शेजारी चिठ्ठी बांधलेला एक चाकू आणि कुणाच्या तरी स्कूटरच्या किल्ल्या. आम्ही मोबाइल बंद असलो तरी आतलं घड्याळ चालूच असतं. दहा दिवस गेले, वीस गेले. अरे, कोणीतरी उघडा मला, असं ओरडावंसं वाटे. पण बंद फोनला कुठला आवाज? मला परत मिळवायचा अर्ज कोर्टात होता, पण पहिल्या तारखेला सरकारी वकील आले नाहीत, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला हुकूम झाला आणि छत्तिसाव्या दिवशी मी रुपरावांच्या हातात आलो.

त्यांनी सीलवरून बोट फिरवलं. कुठे तडा नव्हता. ते खूश झाले.

घरी मला चार्जिंगला लावलं. तिघेही भोवती बसले. मी जागा झालो, तारीख पाहिली आणि जे जिवापाड सांभाळलं होतं ते माझं मीच पुसून टाकलं. मला बनवलंच तसं आहे हो, मी काय करू? रोशनीने कचरापेटी उघडली तेव्हा ती रिकामी होती. प्रयोगशाळेत पाठवलं तर कदाचित निघेल, पण खात्री नाही आणि नंबर वर्षभराने लागेल, असं ती म्हणाली. केशवने जाऊ द्या म्हटलं. रुपरावांनी मला हातात घेतलं.

"माह्या हातानं गेलं गा, केशव," ते म्हणाले.

तरी पाठवलं, आणि वर्षभराने प्रयोगशाळेचा अहवाल आला. काही निघालं नाही. त्याआधीच रेल्वेचं पत्र आलं होतं, खटल्याचा निकाल लागेपर्यंत नेमणूक थांबवली आहे.

वाचकहो, तुमच्या फोनमध्ये असं काही असेल तर सीलवर, शिक्क्यावर, कोणावरही विसंबू नका. त्याच घटकेला दुसऱ्या कोणाकडे पाठवा.

आज रुपरावांची साक्ष आहे. तुम्ही तर बापच, मुलाच्या बाजूने बोलणारच, असं त्यांना म्हणतील. केशवने हात उचलला नव्हता. मी पाहिलंय. पण मला कोण विचारणार? आम्ही कोर्टाच्या दाराशी आलोय. आत मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे आणि रुपरावांनी आयुष्यात कधी नियम मोडला नाही. त्यांचं बोट माझ्या बटणावर आलंय.