चमचाभर मागे ठेवलेलं

काच धुणं म्हणजे भांडी घासणं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा येऊन धुऊन दाखवावं. भांड्याला वास राहिला तर घरातला माणूस कुरकुरतो आणि जेवतो. इथे प्रयोगशाळेत चंबूला बोटाचा ठसा राहिला तरी कुणाचं आठवड्याचं काम पाण्यात जातं. एकोणीस वर्षं मी हे करतेय आणि माझ्या हातून एकही नळी फुटलेली नाही. दोन फुटल्या, पण त्या आधीच तडकलेल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत झाली. तिथल्या सरांना बाकीचे मागून बुडबुडे सर म्हणतात. सव्वीस वर्षं ते एकच गोष्ट शोधतायत, जगातली पहिली पेशी कशी झाली. म्हणजे झाडं नाहीत, मासे नाहीत, साधं शेवाळ नाही, नुसता खडक आणि कोमट पाणी, आणि त्यातून पहिलं जिवंत काहीतरी कसं झालं. त्यासाठी ते चंबूभर पाण्यात क्षार आणि कसलेसे तेलकट थेंब घालून ठेवतात. त्याचे आपोआप बुडबुडे होतात, डोळ्याला न दिसणारे. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये पातळ पापुद्रा. "आधी भिंती लागल्या असणार ना बाई," सर म्हणतात, "मग संसार."

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, या गढूळ पाण्यात आहे तरी काय? सर घाईत होते. म्हणाले, "सगळ्या जिवांचं विरजण आहे असं समजा."

मी तसं समजले.

दर शुक्रवारी चंबू रिकामा करायचा, तीन पाण्यांनी धुवायचा, ताजं डिस्टिल्ड पाणी भरून ठेवायचं, की सोमवारी सर नवे क्षार आणि थेंब घालणार. मी आधी चमचाभर जुनं वाटीत काढून घ्यायचे. मग धुणं, भरणं, आणि वाटीतलं परत आत. सरांना काही सांगितलं नाही, कारण त्यात सांगायचं काय? विरजण कुणी मोरीत ओततं का?

आणि माझ्याकडून एकदा तसं झालेलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिने वाटीतून दिलेलं विरजण मी घरी आणलं होतं आणि रोज दही लावत होते. पहिल्याच उन्हाळ्यात कामाच्या रगाड्यात चार दिवस विसरले. उघडून बघते तर हिरवी बुरशी. दुकानातून नवं विरजण आणलं आणि ताईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोनवर ठोकून दिलं की आईचंच दही चालू आहे. नंतर ती विचारायची, मी हो म्हणायचे. एकदा हो म्हटलं की पुढचं हो आपोआप येतं. पण सरांच्या चंबूवर मात्र मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

दुपारी त्या खोलीत ऊन येतं. काच वाळवायची भट्टी चालू असली की तिथल्या स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागतोच. मला एकच स्वप्न पडायचं. एक डबकं असतं, काठाला मिठाची पांढरी रेघ. ऊन आलं की डबकं आटतं, पाऊस आला की भरतं. बघायला कुणी नाही, वेळ मोजायला कुणी नाही. पाण्यात बुडबुडे होतात आणि विरतात, होतात आणि विरतात. मी काठावर चमचा घेऊन उभी असते आणि मला कसलीच घाई नसते. जाग आली की थोडा वेळ हात पाय आपले वाटायचे नाहीत. मग सर म्हणायचे, "झाली का झोप? पहिला जीव एवढा आळशी असता तर आपण इथे नसतो."

या महिन्यात वरून कागद आला. गुरुवारी तिघंजण पाहणीला येणार, काही निघालं असेल तर खोली राहील, नाहीतर महिनाअखेर कुलूप. मला वाटलं सर खचतील. ते उलट आनंदात होते. सोमवारी त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

काय सांगू. गोल गोल, पारदर्शक, शांत. एक फुगत गेला, मग लांबट झाला, मध्ये बारीक झाला, आणि अगदी सावकाश त्याचे दोन झाले. दोघंही थोडा वेळ एकमेकांना टेकून होते, मग पाण्याबरोबर सुटे झाले. ते जिवंत नाहीत हे सरांनी दहादा सांगितलंय. तरी मी परत परत बघत राहिले.

"सुरुवातीला नुसते व्हायचे आणि फुटायचे," सर म्हणाले. "आता दोन दोन होतायत, त्यांचेही दोन होतायत. दर सोमवारी मी शून्यापासून सुरू करतो. धुतलेली काच, ताजं पाणी. आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर जमतं. बाई, ताज्या पाण्याला आठवतं कसं?"

मी डोळा काढला नाही, कारण सरांकडे बघायची हिंमत नव्हती. पाण्याला काही आठवत नव्हतं. आठवत असेल तर माझ्या चमच्याला.

दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून होते. बोलले असते तर त्यांच्या आनंदावर विरजण, आणि तेही माझ्याच हातचं. खोली गेली असती, कदाचित माझी नोकरीही. नाही बोलले तर सर गुरुवारी तिघांना सांगणार की हे शून्यातून झालं. उद्या दुसरं कुणी खरोखरच्या शून्यातून करून बघणार, त्याचं जमणार नाही, आणि म्हाताऱ्याला खोटारडा ठरवणार. मला भीती वाटत होती, आणि खोट्याची सवय किती पटकन लागते हेही मला माहीत होतं.

बुधवारी सकाळी सांगून टाकलं. चमचा, वाटी, दोन वर्षांचे शुक्रवार, सगळं.

सर खुर्चीत बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"तुम्हीच म्हणालात ना, विरजण आहे म्हणून."

त्यांनी कपाट उघडलं. मग दोन चंबू माझ्यापुढे ठेवले. एक माझ्या पद्धतीने, एक खडखडीत धुतलेला, त्यात थेंबभरही जुनं नको. आयुष्यात एवढ्या मनापासून मी काच धुतली नसेल. सरांनी दोन्हींत सारखंच घातलं आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत आळीपाळीने बघत बसलो. धुतलेल्यात बुडबुडे झाले, छान गोल झाले, आणि एकेक करून फुटले. माझ्या चंबूतले फुगले, लांबले, दोन झाले.

"मला वाटलं मला सुरुवात सापडली," सर म्हणाले. "ती नाही सापडली. जे बुडबुडे टिकले तेवढेच तुम्ही पुढे नेलेत, शंभर वेळा. सुरुवातीच्या पुढचं आहे हे." मग म्हणाले, "तुमच्याकडे विरजण कुठून आलं?"

"आईकडून."

"तिच्याकडे?"

"तिच्या आईकडून. नाहीतर शेजारणीकडून. आपोआप आलं असं कुणीच म्हणत नाही, सर."

"पण कधीतरी एकदा आलं असणार," ते म्हणाले.

गुरुवारी तिघं आले. सरांनी सगळं खरं सांगितलं. सुरुवात सापडलेली नाही, पुढचं सापडलंय, आणि ते माझं नाही, यांचं आहे, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी ओल्या हातांनी दारात उभी. तिघांतल्या एकाने विचारलं, चमचा केवढा होता? मी माझ्या जेवणाच्या डब्यातला काढून दाखवला. त्यांनी तो मोजपट्टीवर ठेवून मोजला. हसायला येत होतं आणि रडायलाही. खोलीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

पण माझ्याने राहवेना. सव्वीस वर्षांचं काम त्या माणसाने तीन परक्यांसमोर खाली ठेवलं, आणि मी सख्ख्या बहिणीशी एका वाटीवरून खोटं बोलत होते. रविवारी ताईकडे गेले. चपला काढायच्या आधीच सांगितलं. आईचं विरजण गेलं, पहिल्याच उन्हाळ्यात गेलं, मी टाकलं.

ताई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"माहितीय मला," ती म्हणाली. "तुझ्याकडचं दही खाल्लं की कळतं. आई तुला ओळखून होती. धाकटी विसरेल, म्हणाली, म्हणून आधी मला दिलं, मग तुला. दोघींकडे असलेलं बरं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मागायला येशील म्हणून थांबले होते. सहा वर्षं लावलीस, बाई."

मला उभ्या उभ्या रडू आलं. तिने हात पुसले, फ्रिज उघडला आणि विचारलं, "वाटी आणलीयेस का?"

आणली होती.